न सरकणारी रेघ

मुलांच्या उंचीच्या रेघा भिंतीवर मारणारी घरे धाराशिव जिल्ह्यात अजून आहेत. एखाद्या वर्षी रेघ सरकत नाही, वजन घटते. घरचे निदान ठरलेले : ‘खातच नाही.’ जुलाब लागले की जंताचे औषध, मग आमांशाचे. कुंथलगिरीहून परतल्यावर असले, तर ‘पाणी बाधले’. दशलक्षण पर्वात तर अशा मुलाच्या उपवासाचे कौतुकही होते!

परंतु जुलाब चार आठवडे थांबत नाहीत, शौचातून रक्त जाते, पोटदुखीने रात्री झोपमोड होते, तेव्हा आतड्यांच्या दाहाची शंका घ्यावयास हवी. शौचातील कॅलप्रोटेक्टिनची चाचणी दाह सुचविते, त्याचे कारण नव्हे. खरी अडचण पुढेच आहे. १९३२ साली बरिल क्रोन व सहकाऱ्यांनी वर्णिलेला विकार आणि आपल्याकडचा आतड्यांचा क्षय इतके सारखे दिसतात, की दुर्बिणीने घेतलेला तुकडा तपासूनही कधीकधी उलगडा होत नाही. क्षयाच्या औषधांनी क्रोन बरा होत नाही. क्रोनसाठी दिलेली स्टिरॉइड्स मात्र क्षय भडकवू शकतात. तेव्हा बालपोटविकारतज्ज्ञासाठी पुण्यापर्यंत जावे लागले, तरी ती खेप लांबवू नये. हाडांची वाढीची टोके एकदा जुळली, की राहून गेलेली उंची कोणत्याही औषधाने मिळत नाही.