आरोग्याची रोजकीर्द

व्यापारी घरात मुलांच्या शिक्षणाचा विचार बहुधा ठरलेल्या वाटांनीच होतो. मुलाने वाणिज्य शाखेची पदवी घ्यावी, जमल्यास सनदी लेखापाल व्हावे आणि पेढी सांभाळावी. मुलगी हुशार असेल तर तिने डॉक्टर व्हावे, नाहीतर चांगले स्थळ येईपर्यंत शिकत राहावे. या वाटा सोडून कोणी तिसरीच वाट धरली की घर गोंधळते. सांगलीतील हळदीच्या एका अडत पेढीवरील कन्येने बी.एस्सी. झाल्यावर ‘सार्वजनिक आरोग्य’ या विषयात पदव्युत्तर शिक्षण घेण्याचे ठरविले, तेव्हा त्या घरातही हेच झाले.

वडिलांचा, म्हणजे अण्णांचा, प्रश्न व्यापाऱ्याला साजेसा होता : “दोन वर्षे जाणार, पैसा जाणार आणि शेवटी नावापुढे डॉक्टर लागणार नाही. मग पदरात पडणार काय?” आजीची शंका त्याहून सरळ होती : “रोगी तपासायचा नाही, औषध द्यायचे नाही, मग हे आरोग्याचे शिक्षण कसले?”

दोन्ही प्रश्न रास्त होते. कन्येच्या मनात मात्र २०१९ च्या ऑगस्टमधील कृष्णेचा महापूर होता. पेढीतील पोती भिजली, त्या नुकसानीचा हिशेब घरात आजही तोंडपाठ आहे. परंतु पाणी ओसरल्यावर आरोग्य कर्मचारी गल्लोगल्ली फिरत होते, पिण्याच्या पाण्यातील क्लोरीन तपासत होते, चिखलात वावरणाऱ्यांना लेप्टोस्पायरोसिस टाळण्याच्या गोळ्या देत होते, हे फारसे कोणाच्या स्मरणात राहिले नाही. न झालेल्या आजाराची नोंद कोणत्याच वहीत होत नाही. तिला ओढ लागली ती या न लिहिलेल्या नोंदीची.

तसे पाहता हा विषय व्यापाऱ्याच्या उंबरठ्याबाहेरचा कधीच नव्हता. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली, ती मांडवी बंदराच्या परिसरात, धान्याच्या वखारींच्या शेजारी. तेथील रोग्यांची लक्षणे पाहून हा प्लेग आहे, असे निदान गोमंतकीय डॉक्टर अकासियो व्हिएगस यांनी केले. लोक शहर सोडून गेले, बंदरातील व्यापार मंदावला. १० जानेवारी १८९७ रोजी डॉ. हाफकिन यांनी स्वतः तयार केलेली प्लेगची लस प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते. साथ आली की आधी बाजार बसतो, हे त्या पिढीने पाहिले आणि २०२० च्या टाळेबंदीत आपल्या पिढीनेही.

महाराष्ट्राने या शास्त्राला मोठी माणसे दिली आहेत. जामखेडला १९७० पासून डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी अल्पशिक्षित, निरक्षर स्त्रियांना गावच्या आरोग्यसेविका केले. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी नवजात बालकांची घरीच काळजी घेण्याची पद्धत सिद्ध करून दाखविली. ही दोन्ही दांपत्ये डॉक्टर होती, तरीही सार्वजनिक आरोग्य त्यांनी अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात स्वतंत्रपणे शिकून घेतले होते. आता हे शिक्षण देशात मिळते आणि अनेक ठिकाणी वैद्यकीय पदवी नसलेल्यांनाही ते खुले आहे.

कन्येला प्रवेश मिळाला तो एका लहान विद्यापीठात. नाव ऐकून नातेवाईक विचारात पडत. वर्गात मोजके विद्यार्थी, ग्रंथालय बेताचे, नोकरी देणाऱ्या संस्था आपणहून दाराशी येत नसत. पण लहानपणाचा लाभही होता. संख्याशास्त्राचे गणित चुकले तर अध्यापक शेजारी बसवून पुन्हा सोडवून घेत. संस्था लहान म्हणजे विद्या हलकी, असे नव्हे. तिरुवनंतपुरमची श्री चित्रा तिरुनाल संस्था विद्यार्थिसंख्येने लहानच. तेथे १९९७ पासून सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी दिली जाते आणि या क्षेत्रात तिचे नाव आदराने घेतले जाते.

दुसऱ्या वर्षी प्रत्यक्ष कामासाठी ती एका खेड्यात गेली. गावात जुलाबाची लागण होती. प्रत्येक रोग्याचे वय, घर, आजाराचा पहिला दिवस आणि पाण्याचा स्रोत अशी यादी तिने केली. मग गावाच्या नकाशावर एकेक घर मांडले. लंडनमध्ये १८५४ साली डॉ. जॉन स्नो यांनी पटकीचे मूळ एका पंपापर्यंत नेले, ती याच रीतीने. येथे बहुतेक घरे एकाच जलवाहिनीवरची निघाली आणि ती वाहिनी गटारातून जात होती. सुटीत घरी आल्यावर तिने ती यादी अण्णांना दाखविली. त्यांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचली आणि म्हणाले, “ही तर रोजकीर्द झाली. नकाशा म्हणजे तुझी खतावणी.” त्या दिवसापासून विषय त्यांना समजला, चिंता मात्र उरली.

ती चिंता निराधार नाही. राष्ट्रीय आरोग्य अभियानातील अनेक पदे अकरा महिन्यांच्या करारावर असतात. तामिळनाडूत सार्वजनिक आरोग्याची स्वतंत्र यंत्रणा पूर्वीपासून आहे आणि १९३९ चा कायदाही. अन्यत्र तशी घडी अजून नीट बसलेली नाही. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने प्रत्येक राज्यात असा स्वतंत्र संवर्ग असावा असे सुचविले आहे. दुसरीकडे वाटाही पुष्कळ आहेत : साथरोग सर्वेक्षण, स्वयंसेवी संस्था, संशोधन प्रकल्प, रुग्णालयांचे गुणवत्ता विभाग, आरोग्य विमा, उद्योगांचा सामाजिक निधी. ज्याला आकडे हाताळता येतात, अहवाल स्वच्छ लिहिता येतो आणि खेड्यात राहण्याचा कंटाळा नाही, त्याला काम मिळते. केवळ पदवीच्या कागदावर मात्र ते मिळत नाही.

म्हणून प्रवेशापूर्वी काही गोष्टी पारखून घ्याव्यात. विद्यापीठाला अनुदान आयोगाची मान्यता आहे काय? प्रत्यक्ष क्षेत्रात किती महिने काम करावे लागते? संख्याशास्त्र आणि साथरोगशास्त्र शिकविणारे पूर्णवेळ अध्यापक आहेत काय? आणि मागील तीन वर्षांचे विद्यार्थी आज कोठे आहेत? माहितीपत्रकावर विसंबण्यापेक्षा त्यांच्यापैकी दोघांशी बोलावे. माल न पाहता सौदा करू नये, हे आपल्या घरात सांगावे लागत नाही. शिक्षणाच्या बाबतीत मात्र आपण ते विसरतो.

कन्या सध्या जिल्हा पातळीवर करारावर काम करते. दरवर्षी मुदत संपत आली की घरात कुजबुज होते. “दुकानात बसलीस तर कोणी काढणार नाही,” असे अण्णा एकदा म्हणालेही. ती हसली, पण पावसाळ्यापूर्वीच्या पाणी तपासणीची यादी करायची होती, म्हणून लवकर उठून गेली. स्थळ पाहायला आलेल्यांना आजी आता सांगते, “आमची मुलगी डॉक्टर नाही. पण गाव आजारी पडू नये म्हणून राबते.”