पूर्वेची दैनंदिनी : फोर्ट विल्यम आणि एक रुपेरी पायांची माशी

रविवार
भाच्याची नेमणूक सध्या लष्कराच्या पूर्व कमांडमध्ये आहे, म्हणून कोलकात्याच्या फोर्ट विल्यम किल्ल्याच्या आत राहायला मिळाले. प्लासीच्या लढाईनंतर क्लाइव्हने हा किल्ला बांधायला घेतला, तो १७८१ साली पुरा झाला. अष्टकोनी आहे, पाच बाजू जमिनीकडे, तीन हुगळीकडे. तोफांपुढे आडोसा नको म्हणून भोवतीचे रान साफ केले, तेच आजचे मैदान. लष्कराने आता फोर्ट विल्यमचे नाव ‘विजयदुर्ग’ केले आहे, आपल्या सिंधुदुर्गातल्या विजयदुर्गावरून. सेंट जॉर्ज दरवाजा आता शिवाजी दरवाजा झाला. याच शहराने १७४२ मध्ये मराठ्यांच्या धास्तीने भोवती खंदक खणायला घेतला होता. त्या दरवाजाखालून जाताना ऊर भरून आला.

संध्याकाळी व्हरांड्यात बसलो तर डास. भाचा म्हणाला, “मावशी, आत चल ना, हे सोडणार नाहीत तुला.”

“थांब रे, कोणते आहेत ते तर बघू दे!”

भिंतीला अंग समांतर ठेवून बसले होते, म्हणजे क्यूलेक्स. मलेरियाचा अ‍ॅनॉफेलीस मागचा भाग उचलून तिरपा बसतो. अमरावतीच्या कॉलेजात इतकी वर्षे प्राणिशास्त्र शिकवल्यावर नजर आपोआप तिकडे जाते. डास हीसुद्धा एक माशीच. दोनच पंख, आणि मागच्या जोडीच्या जागी तोल सांभाळणाऱ्या दोन बारीक गाठी. या दोन पंखांच्या गणासाठीच मी कोलकात्याला आले आहे.

सोमवार
इंडियन म्युझियम सोमवारी बंद. मैदानाच्या दक्षिण टोकाला, एसएसकेएम हॉस्पिटलकडे गेले. पूर्वीचे हे प्रेसिडेन्सी जनरल. इथेच रोनाल्ड रॉसने १८९८ मध्ये डासांतून पक्ष्यांना मलेरिया होतो हे सिद्ध केले. फाटकावर त्याचे स्मारक आहे. आदल्या वर्षी सिकंदराबादला त्याला माणसाच्या मलेरियाचा जंतू डासाच्या पोटात दिसला होता, पण तो डास कोणता, हे सांगायला त्याच्याकडे नाव नव्हते. ‘करडा’, ‘ठिपकेदार पंखांचा’ असेच तो लिहीत राहिला. जगाला हादरवणारा शोध हाती, आणि गुन्हेगाराचे नाव माहीत नाही! दुसऱ्या माणसाने तोच प्रयोग करायचा तर नेमका कोणता डास पकडायचा?

मंगळवार
आजचा सगळा दिवस चौरंगीवर, इंडियन म्युझियममध्ये. संस्था १८१४ ची, इमारत १८७८ मध्ये खुली झालेली. लोक ममी बघायला रांग लावतात. मला मात्र इथे काम करून गेलेल्या दोन माणसांची आठवण काढायची होती. नेल्सन अ‍ॅनंडेल हा इथला प्राणिशास्त्रज्ञ. १ जुलै १९१६ ला भारतीय प्राणी सर्वेक्षण स्थापन झाले, त्याचा पहिला संचालक. दुसरा एनरिको ब्रुनेटी, पेशाने संगीतकार. पोट संगीतावर आणि जीव माश्यांवर. ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ या मालेतले माश्यांवरचे तीन खंड त्याने लिहिले, १९१२, १९२० आणि १९२३ साली. आजही भारतातल्या माश्यांचे काम करणाऱ्याला ते उघडल्यावाचून गत्यंतर नाही.

१९०८ मध्ये एका वाळूमाशीचे वर्णन प्रसिद्ध झाले, त्यावर या दोघांचीही नावे आहेत. फ्लेबोटोमस अर्जेंटिपीस. जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची, केसाळ अंगाची, पंख उभे धरून बसणारी, रुपेरी पायांची. तेव्हा ती कशी दिसते एवढेच नोंदवले गेले, ती कोणता आजार पसरवते हे नाही. काळा आजार तेव्हा बंगाल-आसामात गावेच्या गावे ओस पाडत होता. लष्करी डॉक्टर लेशमनने त्याचा जंतू शोधला तो कोलकात्याजवळच्या डमडमला राहून आलेल्या सैनिकाच्या प्लीहेत. १९२४ मध्ये इथल्याच ट्रॉपिकल मेडिसिन स्कूलमध्ये नोल्स, नेपियर आणि स्मिथ यांना तो जंतू या माशीच्या पोटात वाढताना दिसला. तिच्या चाव्याने माणसाला आजार होतो याचा पक्का पुरावा मिळायला १९४२ उजाडले. वर्णन १९०८ चे, पुरावा १९४२ चा! मधल्या सगळ्या वर्षांत प्रत्येक प्रयोगशाळा एकाच माशीबद्दल बोलते आहे, याची खात्री त्या वर्णनाने दिली. ती गोठ्याजवळच्या ओल्या मातीत वाढते आणि भिंतीवर बसते हे कळले, म्हणून भिंतींवर फवारणी करण्यात अर्थ आला.

बुधवार
सकाळी राष्ट्रीय ग्रंथालयात ‘इंडियन मेडिकल गॅझेट’चा १९०१ चा खंड मागितला. हे मासिक कोलकात्यातून निघे. त्यात लष्करी डॉक्टर विल्यम ग्लेन लिस्टनचा लेख आहे, एलिचपूरच्या अ‍ॅनॉफेलीसच्या सवयींवर, वर्षभराच्या निरीक्षणाचा. एलिचपूर म्हणजे आमचे अचलपूर! तिथल्या डासाला त्याने मलेरिया अभ्यासक स्टीफन्सचे नाव दिले, अ‍ॅनॉफेलीस स्टीफेन्सी. पुढे हाच लिस्टन मुंबईत, परळच्या प्रयोगशाळेत, उंदरांवरच्या पिसवांमधून प्लेग कसा पसरतो हे शोधत होता.

ओळखायचा कसा? सोंडेशेजारच्या दोन स्पर्शकांवर आणि पायांवर पांढरे शिंतोडे असतात. त्याच साली जाइल्स या अभ्यासकाने वर्णिलेल्या अ‍ॅनॉफेलीस क्युलिसिफेसीसवर ते नसतात. फरक एवढाच, पण क्युलिसिफेसीस खेड्यातला आणि स्टीफेन्सी शहरातल्या टाक्या-हौदांतला. शिंतोडे नीट पाहिले नाहीत तर औषध भलत्याच पाण्यात पडते. २०१२ मध्ये आफ्रिकेत जिबुतीला हा अचलपूरचा डास सापडला, मग इथिओपियात. आता तिथल्या शहरांत मलेरियाची नवी भीती आहे. तो परका आहे हे ओळखता आले, कारण अचलपुरात कोणीतरी त्याचे वर्णन करून ठेवले होते.

गुरुवार
न्यू अलिपूर, प्राणी सर्वेक्षणाचे मुख्यालय. एक तरुण संशोधिका माश्यांवर काम करते. तिच्या सूक्ष्मदर्शकाखाली एक इवलासा नर होता. नवी जाती बहुधा त्याच्या जननेंद्रियांवरून ठरते, कारण बाहेरून सारख्या दिसणाऱ्या माश्या तिथे वेगळ्या निघतात. पोटाचे टोक अल्कलीत मऊ करायचे, काचपट्टीवर बसवायचे, चित्र काढायचे. जवळच्या प्रत्येक जातीचे जुने वर्णन आणि मूळ नमुना पडताळायचा, मग तो परदेशातल्या संग्रहालयात का असेना. ज्या एका नमुन्यावर नाव बांधले जाते, त्याची चिठ्ठी जिवापाड जपायची: जागा, तारीख, पकडणारा. चिठ्ठी हरवली तर माशी निनावी झाली म्हणून समजा.

“ताई, माझ्याकडे नरच आहेत,” ती म्हणाली. “मादी मिळाल्याशिवाय मला लिहायचं नाही.”

नुसत्या नरावरूनही नाव देता येते, नियमांची आडकाठी नाही. तरी ती थांबणार आहे. पुढच्या पावसाळ्यात त्याच जंगलात, त्याच ओढ्यावर पुन्हा जाळे लावायचे तिने ठरवले आहे. मला फार बरे वाटले. अशी माणसे आपल्याकडे मोजकीच आहेत, आणि प्रत्येक जिल्ह्याच्या कॉलेजातून एक तरी तयार व्हायला हवे.

उद्या सकाळी गाडी धरायची आहे.

(क्रमशः)