ठेवायचं कुठे?

पैशाला वास असतो, असं माझं जुनं मत आहे. साड्यांच्या घडीत लपवलेल्या नोटेला डांबरगोळ्यांचा, मासळीबाजार फिरून आलेल्या नोटेला खारट ओलीचा. मुठीत घट्ट धरलेल्या नाण्याचा तर हातालाच वास लागतो. म्हणून मावशीनं परवा विचारलं, "अरे, पण ते बिटकॉइन ठेवतात कुठे?" तेव्हा मला हसू आलं नाही. या वाटेला नव्यानं जाणाऱ्यानं आधी हेच विचारावं.

"कॉम्प्युटरमध्ये" हे उत्तर सोपं, पण चुकीचं. नाणं तिथेही नसतं. सातोशी नाकामोतो या नावाआडच्या कुणीतरी जानेवारी २००९ मध्ये सुरू केलेली ती एक वही आहे. अमक्याकडून तमक्याकडे इतके गेले, एवढ्याच नोंदी. वाण्याकडच्या उधारीच्या वहीसारखी. फक्त ती गल्ल्याखाली नसते, तिची प्रत साऱ्या गावाच्या घरी असते. साधारण दर दहा मिनिटांनी नवं पान जोडलं जातं.

"म्हणजे नुसतं लिहिलेलं?" मावशी.

हो, नुसतं लिहिलेलं. प्रशांत महासागरातल्या याप बेटावर दगडाच्या अजस्र चकत्या पैसा म्हणून चालत. त्यातली एक आणताना समुद्रात बुडाली, तरी मालकाची श्रीमंती कुणी नाकारली नाही, ही हकीगत विल्यम फर्नेस यांनी १९१० मध्ये नोंदवली आहे. दगड तळाशी, मान किनाऱ्यावर! आपल्या बँकेतली शिल्लक तरी दुसरं काय असते? पण तिथे दाद मागायला बँक असते. रिझर्व्ह बँकेनं डिसेंबर २०२२ पासून किरकोळ व्यवहारात आजमावलेल्या डिजिटल रुपयालाही स्पर्श नाही. मात्र त्यामागे रिझर्व्ह बँक उभी आहे. बिटकॉइनमागे कुणीच नाही. मला त्याची धास्ती वाटते ती इथेच.

वेल्समधल्या न्यूपोर्टमध्ये २०१३ साली एकाची हार्ड डिस्क कचऱ्यात गेली. हजारो बिटकॉइन कचऱ्याखाली गाडले गेले, असं लोक म्हणतात. खरं तर ते जागचे हललेही नाहीत. वहीतली नोंद आजही कुणालाही वाचता येते. गेली ती किल्ली, म्हणजे हा पैसा माझा आहे हे सिद्ध करणारी एक लांबलचक गुप्त संख्या. बहुतेक वॉलेट, म्हणजे ही किल्ली सांभाळणारी साधनं, तीच बारा किंवा चोवीस साध्या इंग्रजी शब्दांत लिहून देतात.

घ्यायचं की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. घेतलंत, तर ते शब्द कागदावर लिहून कुलपात ठेवा, फोनमध्ये फोटो काढून नको. आणि कुणी कितीही गोड बोलून विचारले, तरी सांगू नका.