काळ्या स्क्रीनवर कांद्याचा भाव

हुडी, अंधारी खोली आणि काळ्या स्क्रीनवर धावणारी हिरवी अक्षरं... सगळी सिनेमाची कृपा! त्यामुळे युनिक्स, कमांड लाइन वगैरे म्हटलं की भल्याभल्यांना टेन्शन येतं. माझ्या मामेबहिणीचं टेन्शन मात्र वेगळं होतं. ती लासूर स्टेशनची, बीसीए करायला रोज ट्रेननं संभाजीनगरला जाते. "ताई, माझं इंग्रजी कच्चंय. मला नाही जमायचं प्रोग्रॅमिंग," म्हणत ती चक्क कोर्स सोडायला निघाली होती.

आता मी काही इंजिनिअर नाही, मास कॉमवाली. निवडणुकीच्या लांबलचक याद्या चाळताना चार कमांड्स शिकले, तेवढ्याच भांडवलावर दिवाळीत तिच्या घरी जाऊन बसले. तिच्याकडे लॅपटॉप नाही. म्हटलं, फोन आण. अँड्रॉइडच्या पोटात लिनक्स असतं आणि लिनक्सचा सगळा घाट युनिक्सचा. टर्मक्स नावाचं फुकट अ‍ॅप टाकलं, झाली काळी स्क्रीन तयार.

पहिली कमांड एलएस. फोल्डरमध्ये काय काय आहे ते दाखवते. सीडी म्हणजे त्या फोल्डरमध्ये जा. एमव्ही हलवते, आरएम उडवते. आणि हो, आरएमकडे रिसायकल बिन नसतो, गेलं ते गेलं!

"हे कुठलं इंग्रजी?" तिनं विचारलं.

करेक्ट! हे कुणाचंच इंग्रजी नाही. 1969 मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सचं काम सुरू केलं, तेव्हा टायपिंग व्हायचं टेलिटाइपवर. सेकंदाला जेमतेम 10 अक्षरं छापणारं ते धूड. मग शब्दांची काटछाट होणारच. इंग्लिश मीडियमच्या पोरांनाही ही बाराखडी पहिल्यापासूनच गिरवावी लागते. शिवाय काम झालं की बहुतेक कमांड्स गप्प, चुकलं तरच बोलतात. अगदी आमच्या मामासारख्या.

खरी मजा आली मामाच्या कांद्यात. त्याच्या हिशोबपट्ट्या तिनं साध्या टेक्स्ट फाइलमध्ये उतरवल्या. तारीख, बाजार, क्विंटल, भाव. एका विक्रीला एक ओळ. ग्रेपनं लासूरच्या ओळी निवडल्या (ग्रेपला मराठी छान कळतं), सॉर्टनं भावानुसार लावल्या आणि टेलनं शेवटची, म्हणजे सगळ्यात चढ्या भावाची ओळ काढली. कमांड्सच्या मधे फक्त एक उभी रेघ, पाइप. एकीनं काढलेलं थेट दुसरीच्या हातात. डग मॅकिलरॉय यांची ही आयडिया 1973 मध्ये युनिक्समध्ये आली. माझ्या मते कीबोर्डवर इतकं कामाचं आणि इतकं दुर्लक्षित बटण दुसरं नाही.

मग ऑक. प्रत्येक ओळीत क्विंटल गुणिले भाव, शेवटी बेरीज. एका ओळीचा प्रोग्रॅम, पण प्रोग्रॅमच. दोनदा ती महिरपी कंस विसरली, तिसऱ्यांदा आकडा आला. मामानं चष्मा लावला, डायरी काढली, ओळीओळीवर बोट ठेवत बेरीज केली. जुळली!

"पण ह्यात हमाली-तोलाई कुठं धरली?" मामा.

मी तोंड उघडायच्या आत तिनं फोन ओढून घेतला. फाइलमध्ये पाचवा रकाना घातला, प्रोग्रॅममध्ये एक वजाबाकी. पुढच्या सेमिस्टरचा फॉर्म तिनं दिवाळीची सुट्टी संपताच भरला.