फुल तिकीट

बरेच दिवस हे लिहायचं होतं, पण चिरंजीव परवानगी देत नव्हते. परवा दिली, दोन अटींवर. नाव घालायचं नाही आणि रडकं लिहायचं नाही. बघूया जमतंय का.

घरच्यांना माहीतच आहे, बाकीच्यांसाठी थोडक्यात. मेंदूच्या तळाशी पिट्यूटरी नावाची वाटाण्याएवढी ग्रंथी असते. याच्या ग्रंथीतून वाढीचं हार्मोन पुरेसं येत नाही. शाळकरी मूल वर्षाला साधारण ५ सेंटिमीटर वाढतं, हा साडेतीनच्या आसपास अडकला होता. "घराण्यातच आहे, वाढेल हळूहळू" म्हणत आम्ही दोन वर्षं घालवली (हो, आम्हीच). अकराव्या वर्षी डाव्या हाताचा एक्स-रे काढला. त्यावरून हाडांचं वय कळतं. ते निघालं ८. बाहेर आल्यावर त्याने विचारलं, "मग माझं खरं वय कुठलं?" मी काहीतरी थातुरमातुर उत्तर दिलं.

तेव्हापासून रोज रात्री इंजेक्शन. पेन फ्रिजमध्ये, दुधाच्या पातेल्याशेजारी. आज मांडी, उद्या पोट, जागा बदलत राहायचं. सगळ्यांना वाटतं त्रास त्याचाच असेल. पण सुई अगदी बारीक असते, आणि आता तो स्वतःच टोचून घेतो, टीव्हीवरची नजर न काढता. त्रास दुसऱ्याच गोष्टींचा.

लग्नात कुणीतरी हनुवटी धरून विचारतं, "कितवीत रे बाळा, तिसरीत?" तो सातवीत. स्नेहसंमेलनात सलग तीन वर्षं वामन. तिसऱ्या वर्षी मी शाळेत भांडून आले, तर हा माझ्यावरच उखडला. "तुला कोणी सांगितलं होतं? आता तेही गेलं." आणि मेस्सी! लहानपणी मेस्सीलाही हेच होतं, त्यानेही इंजेक्शनं घेतली, हे आम्हाला आजवर किमान वीस जणांनी सांगितलंय. सगळे प्रेमानेच सांगतात. एकदा पाहुणे गेल्यावर हा म्हणाला, "पण मला फुटबॉल आवडतच नाही. मग मी काय करू?"

लोकांना तरी काय बोलू, मी वेगळी कुठे होते? धाकटी दहाव्या वर्षी कोपऱ्यावरच्या दुकानातून एकटी दूध आणायची, आणि बारा वर्षांच्या याच्या बुटांच्या नाड्या मी बांधत होते. पोर एवढंसं दिसलं की हात आपोआप पुढे जातात. आणि हळूहळू तोही तसाच वागायला लागला होता. पाहुण्यांसमोर बोबडं बोलायचा. लाड व्हायचे ना.

स्वयंपाकघराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या खुणा होत्या. डॉक्टर तीन महिन्यांनी मोजतात, मला कुठला तेवढा धीर! मी दर रविवारी मोजायचे. पहिल्या वर्षात तो ९ सेंटिमीटर वाढला, तेही मी सगळ्यांना फोन करकरून सांगितलं, त्याच्या देखत. एका रविवारी हाका मारल्या तरी येईना. शेवटी आला, चौकटीला पाठ लावली आणि समोर बघत म्हणाला, "आई, खूण तिथेच आली की तुझा चेहरा पडतो. मग मला दिवसभर कसंतरी होतं."

मला काही बोलताच आलं नाही. पट्टी कपाटात ठेवून दिली. खुणा त्यानेच खोडरबराने पुसल्या.

२०२४ च्या दिवाळीत आम्ही दोघं स्वारगेटहून साताऱ्याला निघालो. एसटीत ५ ते १२ वर्षांच्या मुलांना अर्धं तिकीट, आणि मार्च २०२३ पासून बायकांनाही अर्धं. मास्तर आले आणि आमच्याकडे एक नजर टाकून म्हणाले, "दोन हाफ." मी पैसे काढायला लागले. खरं सांगते, गप्प बसले असते.

"काका, मला फुल. मला तेरा पूर्ण आहेत."

मास्तर हसले. "राहू दे बाळा, आईचे पैसे वाचतायत."

याने खिशातून आधार कार्ड काढलं. घरूनच घेऊन निघाला होता! आजूबाजूची माणसं हसायला लागली. याचे कान लाल झाले, पण हात तसाच पुढे. मास्तरांनी कार्ड घेतलं, तारीख वाचली, बोटांवर वर्षं मोजली. "बरोबर आहे साहेब तुमचं," म्हणाले आणि तिकीट काढून त्याच्याच हातात दिलं. माझं हाफ, त्याचं फुल. खंबाटकी घाट आला तरी ते मुठीतच होतं.

तर मंडळी, यंदाही दिवाळीला साताऱ्याला जमतोय. मोठ्या आत्या, मुलांना पाठीला पाठ लावून उभं करायचं नाही हं. काका, मेस्सी नको. त्यापेक्षा कॅरम बोर्ड माळ्यावरून काढून पुसून ठेवा. आणि लहान आहे म्हणून मुद्दाम हरू नका, त्याला लगेच कळतं. तशी वेळ येणारही नाही म्हणा, गेल्या महिन्यात त्याच्या बाबांना त्याने सलग चार डाव हरवलंय.