आबांचा झेनिट

आमच्या घरी एक लोखंडी ट्रंक आहे. तिच्यात काय आहे हे सर्वांना ठाऊक होते, आणि ती उघडायची नाही हेही सर्वांना ठाऊक होते. गेल्या दिवाळीत घराची रंगरंगोटी चालू असताना मी ती उघडली, म्हणून हा लेख लिहिण्याची वेळ आली.

ट्रंकेत आबांचा, म्हणजे माझ्या आजोबांचा कॅमेरा होता. झेनिट-ई. मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्यात तयार झालेला, हेलिओस भिंगासह किलोभर वजनाचा. जुन्या रशियन वस्तूंना एक प्रकारचा शेतकरी मजबूतपणा असतो; हातात घेतला की कुदळ घेतल्यासारखे वाटते. याच कॅमेऱ्यावर आबांनी जिंतूरला फोटोचे छोटे दुकान चालवले. नोकरीच्या अर्जाचे फोटो, बारशी, लग्ने. आणि फेब्रुवारीत परभणीला तुराबुल हक दर्ग्याचा उरूस भरला, की तिथे पडदा लावून जोडप्यांचे फोटो. १९८८ साली त्यांनी दुकान बंद केले आणि पिठाची गिरणी टाकली. का, तर "डोळे गेले म्हून". घरात एवढेच सांगितले जाई.

सविस्तर हकिगत आजीने सांगितली. १९८७ च्या उन्हाळ्यात शेजारच्या मुलीचे लग्न होते. ऐन अक्षता पडायच्या वेळी वीज गेली आणि त्याच सुमारास आबांचा फ्लॅशही बसला. पेट्रोमॅक्सच्या उजेडात, भिंगाचे तोंड पूर्ण उघडून आबांनी फोटो काढले. उटीला बनणाऱ्या 'इंदू' फिल्मचा रोल होता. तो धुतल्यावर दिसले, की अक्षतांचे दहा-बारा फोटो गेलेले. नवरा-नवरीचे चेहरे धुक्यातून पाहावेत तसे. मुलीचा बाप भला माणूस. त्याने अल्बम चाळला, मिटला आणि ठरलेले सगळे पैसे मोजून दिले. एक शब्द बोलला नाही. आजी म्हणाली, "त्यानं शिव्या दिल्या असत्या तर ह्यांनी दुकान चालवलं असतं." आबांनी भिंग काढून, पुसून, उजेडात धरून पाहिले. भिंग स्वच्छ होते. मग दोष डोळ्यांचाच. वयही बेचाळीस, चाळिशी लागलेलीच. चष्मा केला, पण पुढच्या लग्नातही तेच झाले. त्यानंतर ती ट्रंक.

मला हे सारे नंतर कळले. आधी मी उत्साहाने पुण्याहून रोल मागवला आणि छत्तीस फोटो काढून धुवायला पाठवले. आले ते पाहून रडू कोसळले. उन्हातले फोटो छान. येलदरी धरणाची भिंत छान. चारठाण्याच्या उंच कोरीव स्तंभावरची नक्षी तर मोजून घ्यावी अशी. पण घरातले, सावलीतले, माणसांचे सगळे फोटो पुसट! मी वीस वर्षांची आहे आणि मला चष्मा नाही. मग आबांच्या डोळ्यांवर जो आरोप इतकी वर्षे आहे, तो माझ्याही डोळ्यांवर ठेवायचा का?

इथून माझी खटपट सुरू झाली. पहिली शंका भिंगाची. ते आट्यांवर पूर्ण बसले आहे का? बसले होते. आतले वंगण सुकले की फोकसची रिंग मध्येच अडते. ही जड होती, पण अर्ध्या मीटरपासून अनंताच्या खुणेपर्यंत पुरती फिरत होती. काचेवर बुरशी नव्हती. दुसरी शंका हात हलल्याची. मात्र हात हलला तर चित्रातले सगळेच फरफटते. म्हणून मी फोटो पुन्हा काढून बसले आणि काय पुसट आहे हे पाहण्याऐवजी काय स्पष्ट आहे ते शोधू लागले. आईचा चेहरा पुसट, पण तिने पुढे धरलेल्या ताटाची कड लख्ख. मग आबांचा तो जुना फोटो आजीकडून मागून घेतला. चेहरे धुक्यात; पुढे आलेल्या पितळी ताटातले तांदूळ मात्र एकेक मोजता यावेत असे! छत्तीस-सदतीस वर्षे त्या फोटोत कुणी तांदळाकडे पाहिलेच नव्हते.

म्हणजे फोकस होत होता, पण पाहिजे त्याच्या वीतभर अलीकडे.

आता हा कॅमेरा कसा पाहतो ते थोडे सांगते. भिंगातून आलेला उजेड आतल्या तिरप्या आरशावर पडतो आणि वर दुधी काचेवर चित्र उमटवतो. आपण डोळा लावून तेच पाहतो. बटण दाबले की आरसा उचलला जातो आणि उजेड मागे फिल्मवर जातो. भिंगापासून दुधी काच आणि भिंगापासून फिल्म ही दोन अंतरे तंतोतंत सारखी असली पाहिजेत. नसली, तर डोळ्याला एक दिसते आणि फिल्मला दुसरे.

हे तपासायला रोल लागत नाही. मी कॅमेऱ्याची पाठ उघडली, फिल्म सरकते त्या रुळांवर ट्रेसिंग पेपरचा तुकडा ताणून चिकटवला आणि पडदा 'बी' वर ठेवला. बटण दाबून धरायला धाकटा भाऊ. (त्याने याबद्दल दोन कुल्फ्या घेतल्या.) अंगणात दोन मीटरवर काड्यापेट्यांची तिरपी रांग मांडून मधल्या पेटीवर फोकस केला. दुधी काचेवर मधली पेटी स्पष्ट होती. कागदावर मात्र तिच्या अलीकडची, सुमारे पंधरा सेंटिमीटर पुढची! मग रिंग अनंताच्या खुणेवर नेऊन दूरची पाण्याची टाकी पाहिली. कागदावर टाकी रेखीव आणि डोळ्याला किंचित पुसट. भिंग सुटले. डोळेही सुटले. राहिला आरसा.

तो खाली येऊन ज्या धातूच्या टेकूवर बसतो, तो जरासा वाकला होता. आरसा एक-दोन केसांच्या जाडीएवढा वर राहत होता. हिशेब करून पाहिला. दोन मीटरवर भिंग पूर्ण उघडे, म्हणजे एफ/२ असेल, तर जेमतेम १४-१५ सेंटिमीटरची खोली स्पष्ट येते. एफ/८ ला तीच ६० सेंटिमीटरच्या आसपास जाते. उन्हात आणि फ्लॅशमध्ये आबा भिंग बारीक ठेवत, त्यामुळे चूक झाकली जाई. वीज गेली आणि ती उघडी पडली. टेकू कधी वाकला तेही आजीलाच आठवले. त्या लग्नाच्या आधी चारठाण्याहून येताना कॅमेरा सायकलच्या कॅरिअरवरून पडला होता. काच फुटली नाही म्हणून आबांनी देवाचे आभार मानले होते.

मी धावत आबांकडे गेले. त्यांना कागदावरची काड्यापेटी दाखवली, टाकी दाखवली. म्हटले, "आबा, तुमचे डोळे चांगले होते!"

मला वाटले होते, ते हसतील. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मग मला कळायला पाहिजे होतं. डोळे गेले तर माणूस काय करील? पण आरसा वाकला अन् मी बघितला नाही, ह्याला काय म्हनायचं?"

त्या रात्री ते जेवले नाहीत. आजी माझ्यावर रागावली आणि मलाही वाटले, की ट्रंक उघडली नसती तर बरे झाले असते. इतकी वर्षे आबा एका आजाराला दोष देऊन निवांत होते. मी त्यांना एक चूक आणून दिली. तरी सांगायलाच हवे होते का, याचे उत्तर माझ्याकडे आजही नाही.

आठ दिवसांनी सकाळी आबा कॅमेरा पिशवीत घालून बाहेर पडले. घड्याळ दुरुस्त करणाऱ्या एका ओळखीच्या माणसाकडे बसून त्यांनी तो टेकू चिमट्याने सरळ करून घेतला. तीन वेळा केला, तीन वेळा माझ्याच ट्रेसिंग पेपरवर तपासला. दुपारी आले ते मलाच विचारत, "काय करायलीस गं? त्या काड्यापेट्या मांड बरं."

रोल अजून आणलेला नाही. आबा नको म्हणतात. पण रोज संध्याकाळी ते दारात खुर्ची टाकून, मोतीबिंदू काढलेल्या डोळ्याला कॅमेरा लावून, पाण्याच्या टाकीवर फोकस करतात. मग कॅमेरा खाली घेऊन रिंगवरचा आकडा वाचतात आणि पुन्हा डोळ्याला लावतात.