कूपरच्या ओढ्याकांठीं

ऑस्ट्रेलियाचा भूगोल शिकवितांना आम्ही वर्गांत एक गोष्ट हटकून सांगत असूं. ता. २० ऑगस्ट १८६० रोजीं बर्क नांवाच्या पोलीस अधिकाऱ्याची तुकडी मेलबर्नहून निघाली. तें खंड दक्षिणोत्तर ओलांडावयाचें, हा हेतु. ओझ्यासाठीं सुमारें दोन डझन उंट तेव्हांच्या हिंदुस्थानांतून मुद्दाम नेलेले. कांहीं उंटवालेही इकडचेच. त्यांतील सामला नांवाचा हिंदु शिध्यांतलें मांस वर्ज्य म्हणून भाकरी-पाण्यावर दिवस काढून लवकरच परत फिरला. (आमच्या मातोश्रींस हें ऐकून कोण समाधान झालें होतें!)

वाटेंत कूपरच्या ओढ्याकांठीं तळ ठेवून बर्क, विल्स, किंग व ग्रे हे चौघे उत्तरेच्या आखातापर्यंत जाऊन आले. परततांना ग्रे वारला. उरलेले तिघे २१ एप्रिल १८६१ च्या सायंकाळीं तळावर येतात, तों तळ ओस! चार महिन्यांहून अधिक वाट पाहून मंडळी त्याच दिवशीं सकाळीं निघून गेली होती. झाडावर ‘खणा’ अशी खूण आणि खालीं पुरलेला शिधा. तिघांनीं तो घेतला, चिठ्ठी पुरली, परंतु झाडावर नवी खूण केली नाहीं. सतरा दिवसांनीं मोहिमेंतील दोघे तेथें येऊन पाहून गेले; त्यांस सर्व होतें तसेंच दिसलें. येथें ‘दैवगति!’ म्हणून आम्ही पुस्तक मिटीत असूं.

एकदां एका मुलानें विचारिलें, “गुरुजी, त्या ओढ्याकांठीं कोणी राहतच नव्हतें का?” आम्ही त्यास खालीं बसविलें. उत्तर आम्हांस ठाऊक नव्हतें.

राहत होते. यांद्रुवांधा लोक तेथें पिढ्यान्‌पिढ्या नांदत होते, आणि त्यांनीं या उपाशी पाहुण्यांस मासे दिले, नार्डूच्या भाकरीही दिल्या. नार्डू हें पाणथळ जागीं उगवणारें चार पानांचें रोपटें. आपल्या वैद्यकग्रंथांतील सुनिषण्णक याच कुळांतला मानितात. त्याचें पीठ पाण्यांत कालवून, भाजून खाण्याची रीत त्या लोकांस परंपरेनें अवगत होती. साहेबांनीं नार्डू घेतलें, रीत घेतली नाहीं. पोट भरे, शक्ति मात्र दिवसेंदिवस क्षीण होई. तसें खाल्ल्यानें ब-१ जीवनसत्त्वाचा नाश होतो, असें आतां शास्त्रज्ञ म्हणतात. शिवाय मेणकापडाचा एक तुकडा चोरीस गेला म्हणून बर्क असा संतापला कीं, मासे घेऊन आलेल्यांच्या हातचीं जाळीं त्यानें खालीं पाडिलीं व किंगला गोळी झाडण्यास सांगितलें.

त्यानंतर थोड्याच आठवड्यांत बर्क व विल्स दोघेही गेले. एकटा उरलेला किंग त्या लोकांच्या मागोमाग गेला. त्यानें त्यांच्यासाठीं पक्षी मारिले, एका बाईच्या हातावरील जखम धुवून तीस औषध लाविलें. तिनें त्यास अन्न शिजवून घातलें, निजावयास आडोसा करून दिला. १५ सप्टेंबर १८६१ रोजीं शोधपथकास तो त्यांच्यांतच जिवंत सांपडला.

पुढच्या वर्षीं त्या लोकांस कृतज्ञतेच्या म्हणून पितळी पट्ट्या देण्यांत आल्या. १८६५ सालीं मेलबर्नमध्यें पुतळा उभारला, तो बर्क व विल्स यांचा.